विद्यार्थ्यांमधील ख्रिस्ती सेवा: नव्या सेवकासाठी पहिल्या वर्षाची वाटचाल

दर वर्षी जून-जुलैमध्ये बारावी संपवून आलेली मुले-मुली पुण्यातील वसतिगृहांत, कॉट बेसिसवरच्या खोल्यांत आणि नातेवाइकांच्या घरी उतरतात. त्यांत ख्रिस्ती विद्यार्थीही असतात: अहिल्यानगर, जालना, सोलापूर, नंदुरबारकडून आलेले मराठी भाषक, वसईचे कॅथॉलिक, केरळ आणि तामिळनाडूचे, मिझोराम, नागालँड आणि मणिपूरचे. कोणी रविवारची उपासना एकदाही न चुकवलेल्या घरातून येतो, कोणाचा धर्म दाखल्यावरच्या एका शब्दापुरता उरलेला असतो, आणि कोणी ख्रिस्ती नसतानाही येशूविषयी मनापासून विचारू लागतो. या सगळ्यांमध्ये पूर्णवेळ किंवा अर्धवेळ सेवा करण्यासाठी नव्याने येणाऱ्या भावाबहिणींसाठी हा लेख आहे. त्यांपैकी पुष्कळ जण स्वतः नुकतेच पदवीधर झालेले, बावीस-चोवीस वर्षांचे असतात, आणि पहिल्या महिन्यातच सभा भरवण्याच्या मागे लागतात. माझे सांगणे एवढेच आहे की सभा विद्यार्थ्यांनी चालवाव्यात आणि सेवकाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. पुढील सर्व सूचना त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत, आणि शैक्षणिक वर्ष जसे पुढे सरकते त्या क्रमाने त्या मांडल्या आहेत. उदाहरणे पुण्याची असली तरी नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर येथील सेवकाला ती थोड्या फरकाने लागू पडतील.

जूनच्या आधी: तेथे आधीपासून कोण आहे ते पाहा

पहिली पायरी नवा गट काढण्याची नाही. शहरात कोणाचे काम आधीपासून चालू आहे, याची माहिती काढणे ही पहिली पायरी होय. विद्यार्थ्यांमधील ख्रिस्ती चळवळीला शतकाहून मोठा इतिहास आहे. जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघ १८९५ साली स्वीडनमधील वाडस्टेना येथे स्थापन झाला, आणि भारतातील स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ साली सुरू झाली. कॅथॉलिक विद्यार्थ्यांची ऑल इंडिया कॅथॉलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन १९२४ पासून आहे, तर युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया १९५४ साली उभी राहिली. या शेवटच्या संस्थेच्या स्थानिक विद्यार्थी गटांना ‘ईयू’ (इव्हँजेलिकल युनियन) आणि पदवीधरांच्या संगतीला ‘ईजीएफ’ (इव्हँजेलिकल ग्रॅज्युएट्स फेलोशिप) म्हणतात. ही नावे सेवकाच्या कानावर रोज पडतात आणि पहिल्या दिवशी ती कोणी समजावून सांगत नाही, म्हणून ती येथे दिली आहेत.

आपल्या शहरातील पाळकांना, कॅथॉलिक धर्मगुरूंना आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी विद्यार्थी गटात असलेल्या पदवीधर कुटुंबांना एकेक करून भेटा. पदवीधर कुटुंबांच्या भेटी सर्वांत उपयोगी ठरतात, कारण कोणत्या महाविद्यालयात गट होता, तो का बंद पडला आणि कोणाच्या दिवाणखान्यात तो भरत असे, हे त्यांना ठाऊक असते. ज्या महाविद्यालयात दुसऱ्या संस्थेचे काम नीट चालले आहे, तेथे आपला वेगळा गट उभा करू नका. एकाच वसतिगृहातील चार ख्रिस्ती मुलांना तीन संस्थांची निमंत्रणे येऊ लागली की ती मुले तिन्हींपासून दूर होतात, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

याच दिवसांत आपण स्वतः कोणत्या मंडळीचे (चर्चचे) सभासद राहणार, हेही ठरवा. विद्यार्थी सेवकाच्या कामाला ठरावीक वेळ नसतो, आणि ज्याला रविवारी स्वतःसाठी वचन ऐकण्याची जागा नसते तो वर्षभरात कोरडा पडतो. ज्या मंडळीत तुम्हाला ‘सेवक’ म्हणून मान मिळण्यापेक्षा ‘काय रे, जेवलास का?’ असे विचारणारी एखादी मावशी मिळेल, ती मंडळी निवडा.

परवानगी आणि कायदा यांचे भान

राज्यघटनेचे २५ वे कलम प्रत्येकाला धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते, मात्र तो हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. शिक्षणसंस्थांविषयी २८ वे कलम महत्त्वाचे आहे. पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, तो सज्ञान नसल्यास पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ज्या राज्यात तुम्ही काम करता तेथे धर्मांतराविषयी वेगळा कायदा आहे का आणि तो काय सांगतो, हे एखाद्या वकिलाबरोबर तासभर बसून मूळ मजकुरावरून समजून घ्या. ऐकीव माहितीवर विसंबू नका.

व्यवहारात याचा अर्थ असा की महाविद्यालयाच्या आवारात प्राचार्यांच्या लेखी परवानगीशिवाय कोणतीही सभा घेऊ नये, पत्रके वाटू नयेत आणि वर्गाबाहेर मुलांना अडवून बोलू नये. तुम्ही त्या महाविद्यालयाचे विद्यार्थीही नाही आणि कर्मचारीही नाही, त्यामुळे फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या दृष्टीने तुम्ही पाहुणे आहात. पाहुण्यासारखेच वागावे, नोंदवहीत खरे नाव आणि खरे कारण लिहावे. आपण कोण आहोत हे लपवून मैत्री करणे, ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ असे नाव देऊन शास्त्राभ्यास घेणे, हे प्रकार कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहेतच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की सत्याची साक्ष असत्याच्या आडून देता येत नाही. गट एखाद्या कुटुंबाच्या घरी किंवा मंडळीच्या सभागृहात भरवावा, आणि निमंत्रणात तो काय आहे हे स्वच्छ लिहावे.

पहिले सहा आठवडे: ओळखी आणि ऐकणे

प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, त्यामुळे प्रथम वर्षाची मुले ऑगस्टपर्यंत येत राहतात. या काळात कार्यक्रम ठेवण्याची घाई करू नका. मुलांना या दिवसांत परवडणारी मेस, वसतिगृहातील खोली, बसचा पास, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लागणारे दाखले आणि जवळची मंडळी अशा साध्या गोष्टींची गरज असते. जुन्या विद्यार्थ्यांनी ही माहिती एका पानावर लिहून काढावी आणि नव्यांबरोबर एक दिवस फिरावे. हे काम सेवकाने स्वतः न करता दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून करवून घ्यावे, कारण नव्या मुलीला जी ताई वसतिगृहात रोज दिसणार आहे तिचीच ओळख तिला उपयोगी पडते. रॅगिंगचा प्रकार कानावर आला तर तो दडपू नये. राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक सर्वांजवळ असावा.

ओळखीच्या भेटीत प्रश्न थोडे आणि उघडे असावेत. ‘तुझा तारणाचा अनुभव सांग’ या प्रश्नाने पहिल्या भेटीची सुरुवात केली तर मूल पाठ केलेले उत्तर देते किंवा पुन्हा भेटत नाही. घर कुठे, घरी कोण, ही शाखा कोणी निवडली, जेवण कसे लागते, येथे आल्यापासून कशाची आठवण येते, असे विचारावे आणि मग गप्प राहावे. मिझोरामहून आलेल्या मुलाला रस्त्यावर लोक काय म्हणून हाक मारतात, हे त्याने सांगितल्यावर उपदेश करण्याऐवजी त्याचे ऐकून घ्यावे. दुष्काळी तालुक्यातून आलेल्या मुलाने घरचे कर्ज सांगितले तर लगेच प्रार्थना करून विषय मिटवू नये. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिले की आम्ही तुम्हाला केवळ सुवार्ताच नव्हे तर आमचा जीवही देण्यास तयार होतो, आणि त्यासाठी लेकरांना जपणाऱ्या आईची उपमा त्याने वापरली. ती उपमा सेवकाने या सहा आठवड्यांत वारंवार आठवावी.

प्रत्येक भेटीनंतर वहीत दोन ओळी लिहाव्यात: नाव, गाव, वर्ग, परीक्षा कधी, आणि त्याने स्वतः कशासाठी प्रार्थना करा असे सांगितले असल्यास ते. ही वही कुलूपबंद ठेवावी. विद्यार्थ्याचे खासगी दुःख प्रार्थना-विनंती म्हणून व्हॉट्सॲपवरच्या गटात टाकणे, मग तो गट कितीही विश्वासू वाटो, हा विश्वासघात आहे. तेथील मजकूर कोण कोणाला पाठवतो यावर कोणाचाच ताबा नसतो.

शास्त्राभ्यासाचा गट

या सेवेचा गाभा हाच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

गट आठ-दहा जणांचा असावा. बारा झाले की दोन गट करावेत. वेळ पन्नास मिनिटे ते एक तास, आणि ती पाळावी, कारण मेस साडेनऊला बंद होते आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक त्याहूनही लवकर. पहिल्या वर्षासाठी मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे. ते सोळा अध्यायांचे, वेगवान आणि घटनांनी भरलेले आहे, आणि ज्याने बायबल कधी उघडलेले नाही त्यालाही त्यात पहिल्या दिवसापासून शिरता येते. पत्रांनी किंवा प्रकटीकरणाने सुरुवात करू नये. एका बैठकीला दहा-पंधरा वचने पुरेशी होतात.

पद्धत तीन पायऱ्यांची आहे: उताऱ्यात काय दिसते, त्याचा अर्थ काय, आणि त्यामुळे आपण काय करावे. नवा सेवक पहिली पायरी दोन मिनिटांत उरकतो आणि तिसऱ्या पायरीवर अर्धा तास उपदेश करतो, आणि नेमके तेथेच चुकतो. अर्धा वेळ पाहण्यातच घालवावा. उदाहरणार्थ, मार्क २:१–१२ मधील पक्षाघाती माणसाची कथा घ्या. घरात किती लोक होते, कोण कोठे बसले होते, चौघांनी काय केले, येशूने आधी कोणाचा विश्वास पाहिला, त्या माणसाला तो प्रथम काय म्हणाला आणि लोकांची अपेक्षा काय होती, असे प्रश्न विचारावेत. उत्तर प्रत्येक वेळी उताऱ्यात बोट ठेवून द्यायला लावावे.

या उताऱ्याचा मला आलेला अनुभव सांगण्याजोगा आहे. शहरात वाढलेली मुले ‘छप्पर खणून काढले’ या शब्दांपाशी अडतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे सिमेंटचा स्लॅब असतो. मराठवाड्यातील एक मुलगा, जो त्या गटात महिनाभर एक शब्दही बोलला नव्हता, त्याने सांगितले की त्यांचे जुने घर माळवदाचे आहे, वर लाकडे आणि माती, जिना बाहेरून, आणि पावसाळ्यात माती टाकून ते नीट करावे लागते. असे माळवद खणता येते, फक्त खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडते आणि घरमालक चिडतो. त्या संध्याकाळी गटाला तो प्रसंग प्रथमच दिसला. लूक तीच कथा सांगताना कौलांचा उल्लेख करतो, हे मग दुसऱ्या मुलीने शोधून काढले. सेवकाने तयार करून आणलेल्या टिपणापेक्षा त्या मुलाच्या घराच्या आठवणीने उतारा अधिक उलगडला.

यातूनच भाषेचा मुद्दा येतो. पुण्यातील अनेक गट इंग्रजीत चालतात, कारण केरळ, ईशान्य भारत आणि मुंबईची मुले एकत्र येतात तेव्हा तीच सोयीची वाटते. त्याची किंमत मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी चुकती करतो. तो हसतो, मान डोलावतो, दोन महिने येतो आणि मग येणे थांबवतो, आणि गटाला वाटते की त्याची आत्मिक भूक कमी होती. शक्य असेल तेथे मराठीचा वेगळा गट करावा. शक्य नसेल तर उतारा दोन्ही भाषांत मोठ्याने वाचावा, प्रश्न दोन्ही भाषांत विचारावेत, आणि ज्याला ज्या भाषेत बोलायचे त्या भाषेत बोलू द्यावे. अनुवाद करण्याचे काम एखाद्या दुभाषी विद्यार्थ्याला द्यावे. मराठी पवित्र शास्त्रातील काही जुने शब्द शहरी मुलांना कळत नाहीत. त्यांचा अर्थ गावाकडच्या मुलांना विचारावा. यामुळे गटातील मानाची उतरंड थोडी तरी बदलते.

गाण्यांचेही तसेच आहे. गिटारवरची इंग्रजी गीते मुलांना आवडतात, ती जरूर गावीत. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने आपल्या मंडळ्यांत आजही टाळ-पेटीवर म्हटली जातात, आणि ख्रिस्ताशी मराठीतून बोलण्याची जी वाट त्यांनी घालून दिली ती आपल्या मुलांना माहीतही नसावी, याचे मला वाईट वाटते. महिन्यातून एक बैठक भजनाची ठेवावी. ख्रिस्ती नसलेला मित्र त्या बैठकीत सर्वांत लवकर रमतो, कारण अभंगाची चाल त्याच्या ओळखीची असते.

गटाचे नेतृत्व जुलैमध्ये सेवक करील, ऑगस्टमध्ये सेवक आणि एक विद्यार्थी मिळून करतील, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर विद्यार्थीच करतील, असे पहिल्या दिवशी जाहीर करावे आणि पाळावे. सेवकाने गटाच्या आदल्या दिवशी त्या विद्यार्थ्याबरोबर एक तास तयारी करावी आणि गटाच्या वेळी मागे बसावे. विद्यार्थी चुकेल, प्रश्न विसरेल, कोणीतरी अवघड शंका काढील आणि सर्व जण वळून तुमच्याकडे पाहतील. त्या क्षणी ‘पुढच्या आठवड्यापर्यंत शोधून ठेवूया’ असे म्हणणे नव्या सेवकाला फार जड जाते, पण तेच म्हणावे.

दिवस आणि आठवडा कसा आखावा

विद्यार्थी दुपारी तीन-चारपर्यंत तासिका आणि प्रात्यक्षिकांत असतात, अभियांत्रिकीचे तर पाचपर्यंत. त्यामुळे सेवकाचा खरा कामाचा वेळ दुपारी चारनंतर सुरू होऊन रात्री दहापर्यंत चालतो. हे लक्षात न घेता जो सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत स्वतःला कामात समजतो, तो दोन वर्षांत थकून घरी जातो. सकाळ स्वतःसाठी राखावी: प्रार्थना, मनन, वाचन, त्यानंतर गटाची तयारी, पत्रे आणि फोन. दुपारी जेवून थोडी विश्रांती घ्यावी. चारनंतर कॅन्टीन, टपरी, वाचनालयाची पायरी, मेस, जेथे विद्यार्थी असतात तेथे जावे. दिवसाला दोन, फार तर तीन निवांत भेटी ठेवाव्यात. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी घ्यावी आणि ती रविवारी येऊ शकत नाही हे मान्य करून सोमवार किंवा मंगळवार ठरवून टाकावा. शिष्य परत आले तेव्हा येशूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्या असे सांगितले, आणि त्या वेळीही लोकांची गर्दी चालूच होती.

परीक्षेच्या काळात सभा बंद ठेवाव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे या दोन्ही वेळी, सबमिशन आणि तोंडी परीक्षा सुरू झाल्यापासून, सेवकाने फक्त भेटून चहा पाजावा आणि झोप पुरेशी घे असे सांगावे. विद्यार्थ्याचा अभ्यास हीच त्याची त्या वेळची सेवा आहे. गटामुळे एखाद्याची एटीकेटी लागली, असे त्याच्या आईवडिलांना वाटले तर त्यांचा रोष योग्यच म्हणावा लागेल.

पैशाविषयी थोडक्यात. सेवकाचा निर्वाह बहुधा मंडळ्या आणि पदवीधरांच्या देणग्यांवर चालतो. प्रत्येक रकमेची पावती द्यावी आणि दर महिन्याला हिशेब जबाबदार व्यक्तीला दाखवावा. परदेशातून आलेली देणगी २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय स्वीकारू नये, ती कितीही आपुलकीने दिलेली असो. विद्यार्थ्याला व्यक्तिशः पैसे उसने देऊ नयेत. फी भरण्याची अडचण असेल तर मंडळीच्या मदतनिधीकडे किंवा सरकारी शिष्यवृत्तीकडे त्याला घेऊन जावे, आणि ती मदत गटात येण्याशी कोणत्याही प्रकारे जोडली जाऊ नये.

सुरक्षिततेचे नियम

पुरुष सेवकाने विद्यार्थिनीला एकटीला बंद खोलीत, रात्री किंवा गाडीवर घेऊन जाऊन भेटू नये, आणि हाच नियम उलट बाजूनेही पाळावा. मुलींच्या जिव्हाळ्याच्या गोष्टी ऐकण्यासाठी गटात एखादी ताई किंवा पदवीधर बहीण असलीच पाहिजे. तशी व्यक्ती मिळेपर्यंत मुलींचा वेगळा गट सुरू करू नये. अकरावी-बारावीचे विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात, म्हणून त्यांच्या सहभागाला पालकांची लेखी संमती घ्यावी आणि बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा सेवकाने वाचलेला असावा. शिबिराला जाताना हे विशेष पाळावे. सेवकाने, पाळकाने किंवा ज्येष्ठ विद्यार्थ्याने गैरवर्तन केल्याची तक्रार आली तर ‘मंडळीचे नाव खराब होईल’ हे कारण पुढे करून ती आतल्या आत मिटवू नये. तक्रार करणारीला आधी सुरक्षित करावे, आणि महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती व पोलीस यांच्याकडे जाण्याची वाट तिच्यासाठी मोकळी ठेवावी.

संकटात सापडलेला विद्यार्थी

नापास होणे, प्रेमभंग, घरचे कर्ज आणि वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांत अडकून पडणे यांमुळे मुले आतून खचतात. पुण्याच्या पेठांमध्ये एमपीएससीचा तिसरा-चौथा प्रयत्न करणारी, गावी तोंड दाखवायला लाजणारी मुले सेवकाला भेटतीलच. एखाद्याने जगण्यात अर्थ नाही असे म्हटले तर ते साधे वाक्य समजून सोडून देऊ नये. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे त्याला शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार त्याच्या मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्याला एकटे सोडू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, घरच्या विश्वासू माणसाला कळवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

प्रार्थना अवश्य करावी. परंतु नैराश्य म्हणजे विश्वासाचा अभाव असे कोणालाही सांगू नये, आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे थांबवण्याचा सल्ला तर कधीही देऊ नये. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले आणि दोनदा जेवू घातले. पुढचे संभाषण नंतर झाले.

कोणी बाप्तिस्मा मागितला तर

ख्रिस्ती नसलेल्या घरातील विद्यार्थी गटात येऊन, वर्षभर शुभवर्तमान वाचून एखाद्या दिवशी म्हणतो की मला ख्रिस्ताच्या मागे जायचे आहे. सेवकाचे अंतःकरण त्या वेळी आनंदाने भरून येते, आणि म्हणूनच त्या वेळी सर्वांत अधिक संयम लागतो. बाप्तिस्मा देणे विद्यार्थी सेवकाचे काम नाही, ते मंडळीचे आहे. त्या विद्यार्थ्याला पाळकांकडे घेऊन जावे आणि पुढील गोष्टी त्याला कोणतीही घाई न करता स्पष्टपणे सांगाव्यात.

पहिली गोष्ट कुटुंबाची. त्याने घरच्यांपासून लपून निर्णय घेऊ नये, आणि निर्णयानंतर घर तोडू नये. सणाला घरी जावे, आईवडिलांना भेटावे, धाकट्या भावंडांचा अभ्यास घ्यावा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंपासून त्यांची काही वर्षे ताटातूट झाली, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळी ख्रिस्ताचा स्वीकार केला. त्या वर्षांत त्या घराने काय सोसले हे मराठी माणसाला सांगायला नको. निर्णयाची किंमत केवळ निर्णय घेणाऱ्यालाच मोजावी लागत नाही, हे त्यावरून विद्यार्थ्याला समजते.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती व्यक्तींचा झालेला नाही. म्हणजे अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास त्याचे आरक्षण आणि त्यावर अवलंबून असलेली शिष्यवृत्ती यांवर परिणाम होतो. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट लावलेली नाही. हा भेद मला अन्यायाचा वाटतो, परंतु माझे मत काहीही असले तरी विद्यार्थ्याला ही वस्तुस्थिती निर्णयाच्या आधी कळलीच पाहिजे. दाखल्यावर एक धर्म आणि जीवनात दुसरा ठेव, असा सल्ला काही जण सोयीसाठी देतात. तो देऊ नये.

एवढे ऐकून विद्यार्थी ‘मला वेळ हवा’ असे म्हणाला तर त्याला वेळ द्यावा, आणि त्याच्याशी असलेली मैत्री त्याच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नये. तो गटात येणे थांबवील, तरीही परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला फोन करावा.

डिसेंबरपासून मेपर्यंत: सोपवून देणे

नाताळचा कार्यक्रम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवावा, कारण त्यानंतर मुले गावी जातात. तो विद्यार्थ्यांनी आखावा, मित्रांना बोलावण्यासारखा साधा असावा, आणि त्यात काय असेल हे निमंत्रणात आधीच सांगितलेले असावे. ज्यांना लांबच्या प्रवासामुळे घरी जाता येत नाही त्या ईशान्येकडील मुलांसाठी २५ डिसेंबरला मंडळीतील कुटुंबांची घरे ठरवावीत. एका घरी दोघे, याहून जास्त नको, म्हणजे ती पाहुण्यांची पंगत न होता घरचे जेवण होते.

जानेवारीत पुढील वर्षाची समिती ठरवावी. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी फेब्रुवारीनंतर प्रकल्प, मुलाखती आणि परीक्षांत बुडतात, म्हणून मार्चमध्ये जबाबदारी सोपवू असे म्हणणारे गट एप्रिलमध्ये बंद पडलेले दिसतात. समिती निवडताना चांगले बोलणाऱ्याकडे आपोआप नजर जाते. त्याऐवजी जी मुलगी न सांगता खुर्च्या लावते, न आलेल्याला फोन करते आणि वेळेवर येते, तिच्याकडे पाहावे. जुन्या आणि नव्या समितीने दोन महिने एकत्र काम करावे. सेवकाने त्यांच्या बैठकीला बसावे, पण अध्यक्षस्थानी नाही, आणि त्यांनी घेतलेला एखादा निर्णय आपल्याला पटला नाही तरी त्यात पाप किंवा धोका नसेल तर तो होऊ द्यावा.

पदवी घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यांशी मार्चच्या आतच एकेक करून बोलून घ्यावे. बेंगळुरू किंवा हैदराबादला नोकरी लागलेला मुलगा पहिल्या वर्षभरात मंडळी, संगती आणि वाचन ही तिन्ही गमावण्याची शक्यता फार असते, कारण चार वर्षे गटच त्याचे सर्वस्व होता. त्या शहरातील एका कुटुंबाचा आणि एका मंडळीचा पत्ता त्याची परवानगी घेऊन त्याच्याशी जोडून द्यावा, आणि तो पोहोचल्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोन करून तो गेला का, हे विचारावे. जो गावी परत जाणार आहे, शेती किंवा शिक्षकी करणार आहे, त्याच्या गावच्या पाळकांना पत्र लिहावे.

मे महिन्यात शहर रिकामे होते. सेवकाने त्यातले निदान पंधरा दिवस स्वतःच्या घरी घालवावेत. परत आल्यावर कुलूपबंद वही काढून ज्यांची नावे वर्षभरात एकदाच आली आणि पुन्हा आली नाहीत त्यांची यादी वेगळी करावी. जूनमधल्या पहिल्या भेटी त्या यादीतल्या मुलांच्या असाव्यात.